व्हिस्परलाइट इंटरनॅशनल: स्पिती-लडाखच्या वाटेवरचा पेट्रोल स्टोव्ह, कोणी घ्यावा आणि कोणी नाही

मनालीहून काझा किंवा लेहला स्वतःच्या गाडीने जायचं, वाटेत गाडी लावून तीन-चार दिवस पाठीवर सामान घेऊन वर चढायचं आणि परत गाडीशी येऊन पुढची वाट धरायची, असा बेत हल्ली बरेच जण आखतात. चंद्रतालहून बारालाचा, पिन खोऱ्यातल्या मुदहून भाबा खिंड, किब्बरहून परांग ला ओलांडून त्सो मोरिरी, या सगळ्या वाटा गाडीरस्त्यालाच फुटतात. तंबू आणि स्लीपिंग बॅगवर लोक महिनोन्‌महिने खल करतात. चूल मात्र शेवटच्या आठवड्यात, दुकानात जे पुढ्यात येईल ते उचलून ठरते. खरं तर या भागात चूलच आधी ठरायला हवी. काझाच्या वाटेवरची कुंझुम खिंड ओलांडली की डोंगर उघडे, बोडके, तांबूस-करडे. झाड नाही, झुडूप असलं तर ते गावकऱ्यांच्या हिवाळी सरपणाचं आणि याकांच्या तोंडचं. तिथे काटक्या गोळा करून चहा हा सह्याद्रीतला हिशेब चालत नाही.

त्या दृष्टीने एमएसआर कंपनीच्या व्हिस्परलाइट इंटरनॅशनल या स्टोव्हचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो. गाडी पेट्रोलची असेल आणि गाडी सोडून वर मुक्काम करायचे असतील तर हा स्टोव्ह पैसे वसूल करून देतो. स्वयंपाक गाडीशेजारीच करणार असाल तर याच्या नादी लागू नका. आणि गाडी डिझेलची असेल तर पुढचं वाचण्याआधीच लक्षात घ्या की हा स्टोव्ह डिझेलवर चालवायचा नाही.

खोक्यात येतं ते असं: तीन पाय दुमडणारा बर्नर, त्याला कायमची जोडलेली इंधननळी, प्लॅस्टिकचा पंप, अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा वारारोधक, बर्नरखाली ठेवायची तशीच गोल चकती, दुरुस्तीचे थोडे सुटे भाग आणि दोन जेट, म्हणजे इंधन बाहेर सोडणारी बारीक छिद्राची निपलं. एकावर ‘यूजी’ कोरलेलं असतं, ते पेट्रोल आणि व्हाइट गॅस (नावात गॅस असलं तरी हे पेट्रोलसारखं शुद्ध द्रव इंधन) यांसाठी. दुसऱ्यावर ‘यूके’, ते रॉकेलसाठी. इंधनाची बाटली वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती त्याच कंपनीची घ्यावी. दुसऱ्या बाटलीचे आटे वरवर बसल्यासारखे वाटतात, पण दाब चढला की तिथूनच झिरपतं. बर्नर आणि पंप मिळून वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. बाटल्या ३२५, ५९१ आणि ८८७ मिलीलीटरच्या मिळतात, पण त्या काठोकाठ भरायच्या नसतात. बाटलीवर रेघ असते, तिच्या वर इंधन गेलं तर हवेला जागा उरत नाही आणि पंप मारूनही दाब टिकत नाही.

आता इंधनाचं. काझाच्या वाटेवर मनाली सोडली की काझापर्यंत पंप नाही असं धरूनच चालावं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण वाटेतल्या ग्रांफू ते बातल या टप्प्यात गाडी पेट्रोल जास्त खाते. लेहच्या वाटेवर तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. म्हणजे बाइकवाले तसेही पाच लिटरचा कॅन बांधून निघतातच. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर स्टोव्हला गेलं तर हिशेबात काही फरक पडत नाही. या स्टोव्हची खरी किंमत इथे आहे. चुलीसाठी वेगळं इंधन शोधावं लागत नाही.

गॅसच्या डब्याचं तसं नाही. मनाली-लेहच्या ट्रेकिंगच्या दुकानांत डबे मिळतात, पण आट्यांचे ठेंगणे डबे हवे असताना लांब नळकांडीचेच शिल्लक असणं नेहमीचं. काझ्यात मिळतीलच या भरवशावर निघू नये. मात्र गॅसविरुद्ध जो मुद्दा सर्रास सांगितला जातो, की उंचीवर थंडीत गॅस पेटतच नाही, तो अर्धवट आहे. डब्यात ब्यूटेन आणि प्रोपेन या वायूंचं मिश्रण असतं. त्यातला ब्यूटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला उकळतो, पण ४३०० मीटरवर हवेचा दाब साठ टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो आणि तोच ब्यूटेन उणे तेरा-चौदा अंशापर्यंत वायू होत राहतो. उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टच्या रात्रीत गॅस अगदीच बंद पडत नाही. अडचण येते ती डबा अर्ध्यावर आल्यावर, पहाटे. वापरता वापरता डबा स्वतःच गार होत जातो, थंडीतही जोर धरणारा प्रोपेन आधी संपलेला असतो आणि ज्योत मरगळते. पेट्रोलच्या स्टोव्हला हे दुखणं नाही, कारण दाब थंडीवर अवलंबून नसून हातावर अवलंबून असतो.

पहाटेचा मुद्दा इथे केवळ आरामाचा नाही. चंद्रताल ते बारालाचा या वाटेवर टोकपो योंगमा आणि टोकपो गोंगमा हे दोन मोठे ओढे आडवे येतात. दोन्ही बर्फाच्या पाण्याचे. सकाळी मांडीखाली असलेलं पाणी दुपारी ऊन तापल्यावर कमरेपर्यंत चढतं आणि ओढही वाढते. म्हणून ओढा लवकर ओलांडायचा, म्हणजे चहा-न्याहारी उजाडण्याआधी उरकायची. तेव्हा चूल न कुरकुरता पेटली पाहिजे.

पण ‘न कुरकुरता’ हे या स्टोव्हला शिकवावं लागतं. ज्यांच्या घरी पितळी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना यातलं काहीही नवीन नाही: काकडा (म्हणजे स्टोव्ह पेटण्याआधी नळी तापवायची ज्वाळा), पंप, निपल, पिन, वायसर, सगळं तेच, फक्त टाकी बाजूला गेली आहे. द्रव इंधन तापलेल्या नळीतून जाताना वायू होतं आणि तो वायू जेटमधून बाहेर पडून जळतो. नळी तापलेली नसेल तर वायूऐवजी पेट्रोलच बाहेर येतं आणि भडका उडतो. नवख्यांच्या बहुतेक तक्रारी या एका वाक्यात बसतात.

पेटवायची रीत. बाटलीत रेघेपर्यंत पेट्रोल भरा, पंपाची चावी बंद असल्याची खात्री करा आणि पंप बाटलीत घट्ट पिळा. भरलेल्या बाटलीला वीस ते तीस वेळा पंप मारा. बाटली अर्धी असेल तर जास्त मारावा लागतो, कारण आत हवेची पोकळी मोठी असते. दांडा शेवटी शेवटी जड लागला पाहिजे. नळीचं टोक थुंकीने किंवा थेंबभर तेलाने ओलं करून पंपात शेवटपर्यंत सरकवा आणि तारेचा अडकवा लावा. कोरडं टोक घुसवलं की आतली ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी, कातरली जाते, आणि ही गळती सगळ्यात धोक्याची, कारण ती बाटलीपाशी असते. आता बर्नर सपाट दगडावर, चकतीवर ठेवा. बाटली वारारोधकाच्या बाहेर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, नळी पुरेल तेवढी लांब.

चावी अर्धा फेरा उघडा. नळीतून पेट्रोल येऊन बर्नरखालच्या वाटीत उतरतं. अर्धा चमचा उतरलं की चावी बंद. अर्धा चमचा म्हणजे खरोखर अर्धा चमचा. वाटीतली वात भिजली आणि तळाला ओल दिसली की पुरे. जास्त ओतलं तर ज्वाळा फूट-दीड फूट उठते आणि तंबूशेजारी असाल तर पुढचं सांगायला नको. चावी बंद केल्यावर जोडाजोडांवर बोट फिरवून बघा, कुठे ओल आहे का. नसेल तर काडी लावा. पिवळी ज्वाळा मिनिट-दीड मिनिट जळते. ती विझत आली, पण अजून विझली नाही, त्या क्षणी चावी हलकेच पाव फेरा उघडायची. खस्‌खस्‌ असा आवाज येऊन निळी ज्योत धरली की झालं. पिवळी लपापती ज्योत आली तर घाई झाली आहे, लगेच बंद करा आणि वाटीतलं जळू द्या. ज्योत पूर्ण विझल्यावर चावी उघडली तर तापलेल्या वाफेचा पांढरा ढग सुटतो. त्यावर काडी ओढणं म्हणजे भुवया गमावणं. अशा वेळी पाच मिनिटं थांबून पुन्हा पहिल्यापासून.

काकडा पेट्रोलचाच केला तर भांड्याच्या बुडाला आणि बर्नरला काजळी धरते. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट पन्नास मिलीच्या बाटलीत घेतलं आणि वाटीत चमचाभर ओतून त्यावर काकडा केला तर काजळी जवळपास होत नाही आणि ज्वाळाही बेताची राहते. हे वजन वाहण्यासारखं आहे.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट बदलली आहे. आता देशभर पंपांवर मिळतं ते बहुतेक वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. स्टोव्ह त्यावर चालतो, पण इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा कमी, ते हवेतलं पाणी ओढतं आणि रबरी भागांना लवकर म्हातारं करतं. म्हणून बाटलीत पेट्रोल हिवाळाभर ठेवायचं नाही, आणि ओ-रिंगांचा एक जादा संच नेहमी बरोबर. शिवाय कॅनमधून बाटलीत ओततांना नरसाळ्यात मलमलीचा तुकडा ठेवा. कॅनच्या तळाचा गंज आणि रस्त्याची धूळ जेटमध्ये जायला वेळ लागत नाही. गाडीच्या टाकीतून तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायचा प्रकार अजूनही चालतो. दहा मिनिटं वाचवण्यासाठी फुप्फुसात पेट्रोल घेण्यात काही अर्थ नाही. दाबायच्या फुग्याची नळी कोणत्याही गॅरेजच्या दुकानात मिळते.

आणखी एक, जे मॅन्युअल वाचून लक्षात येत नाही. मनाली २०५० मीटरवर, कुंझुम ४५५० मीटरच्या वर. खाली घट्ट बंद केलेल्या बाटलीत खालची हवा कोंडलेली असते. वर गेल्यावर झाकण उघडताच पेट्रोल फसकन वर येतं. उघडताना बाटली उभी धरा, तोंड लांब ठेवा, अर्ध्या आट्यावर थांबून हवा जाऊ द्या. आणि गाडीवरून नेताना बाटलीत पंप ठेवू नका, बाटलीचं मूळ झाकणच लावा. पंप प्लॅस्टिकचा आहे. खड्ड्यांत पन्नास किलोमीटर आपटत गेला की चावीचं टोक पिचतं किंवा चावी आपोआप किंचित उघडते, आणि सगळ्या सामानाला पेट्रोलचा वास लागतो. तांदूळ तो वास सोडत नाही.

बिघाडांपैकी नेहमीचा पहिला: पंप मारतोय पण दांड्याला जोरच लागत नाही. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी असते. स्पितीच्या कोरड्या हवेत ती वाळते, आकसते आणि हवा बाजूने निसटते. दांडा किंचित फिरवून ओढला की बाहेर येतो. चामडं बोटांनी हलकेच फाकवून बाहेर पसरवा, त्याला तेल चोळा, पुन्हा घाला. खोबरेल चालेल असं अनेकांना वाटतं, पण खोबरेल तिथल्या रात्रीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल बरं. अगदी काही नसेल तर थुंकीवरही दिवस निघतो.

दुसरा: ज्योत एकसारखी न राहता धापा टाकते किंवा बारीक होत जाते. आधी पंपाचा दाब बघा, निम्म्या वेळा तेवढंच असतं. दाब असूनही तसंच असेल तर जेटमध्ये कचरा आहे. या स्टोव्हच्या जेटमध्ये एक सैल सुई बसवलेली असते. थंड झालेला बर्नर हातात घेऊन वर-खाली खडखडवला की ती सुई छिद्रातून जाऊन कचरा ढकलते. पिन मारण्याचं हे आतूनच केलेलं रूप, आणि या स्टोव्हमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. त्यानेही सुटलं नाही तर जेट उघडायचा. तेव्हा खाली रुमाल अंथरल्याशिवाय हात लावू नका. सुई वजनासकट आतून टपकन पडते, आणि स्पितीच्या वाळूत पडलेली ती सुई सापडत नाही. नळीच्या आत एक बारीक तार असते, तीही काढून पुसायची: सोबतच्या किल्लीने पकडून ओढायची, कापडाने काजळी काढायची, परत घालून दहा-वीस वेळा आत-बाहेर करायची, मग जेट न लावता नळीतून थोडं पेट्रोल बाहेर सोडायचं. पेट्रोलवर चालवला तर आठ-दहा दिवसांच्या फेरीत एकदा, रॉकेलवर त्याहून लवकर ही वेळ येते.

तिसरा बिघाड खरं तर बिघाड नाही. उंचीवर ऑक्सिजन कमी, त्यामुळे तीच चावी तेवढीच उघडली तर ज्योत पिवळसर होते आणि काजळी धरते. चावी थोडी आवळायची. पिवळी ज्योत म्हणजे अपुरं ज्वलन, म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड. तंबूत तर नाहीच, पण तंबूच्या पुढच्या बंद पडवीतही हा स्टोव्ह लावू नये. बाहेर वारा आहे, हात गारठलेत, म्हणून पडवीची चेन ओढून आत चूल पेटवायचा मोह तिथे रोज होतो. त्या वायूला वास नसतो, आणि डोकं जड झालं तर माणूस उंचीला दोष देऊन झोपी जातो.

स्वयंपाकाकडे येऊ. कंपनी सांगते ते लिटरभर पाण्याला साडेतीन-चार मिनिटं, ते शांत हवेत आणि कोमट पाण्याला. ओढ्याचं दोन-तीन अंशांचं पाणी आणि दुपारनंतरचा वारा धरला तर सहा-सात मिनिटं मोजा. वारारोधक बर्नरभोवती जवळजवळ पूर्ण गुंडाळता येतो, कारण बाटली बाहेर आहे. गॅसच्या डब्यावर बसणाऱ्या बर्नरला असं गुंडाळणं म्हणजे डबा तापवणं. तिथे ते करूच नये. वाऱ्यात या स्टोव्हची सरशी होते ती मुख्यतः यामुळे.

पण पाणी उकळलं म्हणजे शिजलं नव्हे. काझ्याला पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, चंद्रताल-सरचूला ८६ अंशांच्या. तूरडाळ अशा पाण्यात तास-दीड तास ठेवली तरी टणक राहते आणि तेवढ्यात पाव लिटर पेट्रोल संपतं. दीड लिटरचा छोटा कुकर न्यावा. वजन वाटतं, पण इंधनात ते दोन-तीन दिवसांत फिटतं. लक्षात ठेवायचं एवढंच की कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेवर ठरावीक दाब चढवते, आणि तिथे बाहेरची हवाच विरळ. त्यामुळे आत घरच्यासारखे १२० अंश न होता ११३-११४ पर्यंतच जातात. घरच्या दोन शिट्ट्यांच्या जागी चार धरा. मसूर आणि मूग तासभर भिजवून घेतले तर सुखाने शिजतात, तूर आणि राजमा घरीच ठेवा. तांदूळ अर्धा तास भिजवा. कुकर स्टोव्हच्या तीन पायांवर बसवताना हाताने हलवून बघा. दीड लिटरचा बसतो, तीन लिटरचा डुगडुगतो, पाच लिटरचा ठेवूच नका.

इथे या स्टोव्हचा मोठा दोष उघडा पडतो. मंद आच याला जमत नाही. चावी फिरवल्यावर ज्योत लहान होण्यापूर्वी थोडा वेळ जातो, मग एकदम विझते. शिट्टीनंतर आच बारीक करणं, पोह्यांना वाफ आणणं, पिठलं ढवळत आटवणं, आपल्या स्वयंपाकाचं अर्धं काम मंद आचेवरच असतं. पातळ ट्रेकिंगच्या भांड्यात पिठलं हमखास बुडाला लागतं. यावर उपाय आहे, पण आधी ठरवावा लागतो: बाटली अर्ध्याहून कमी भरायची आणि पंप दहा-बाराच वेळा मारायचा. कमी दाबावर ज्योत लहान आणि बऱ्यापैकी स्थिर राहते. शिवाय जेवणच तसं निवडायचं. घरून तुपावर भाजलेला रवा न्यावा आणि उकळतं पाणी ओतून झाकून ठेवावा. मेतकूट-भात, भाजलेल्या डाळीच्या पिठाचं झटपट पिठलं, सातू, मॅगी. ज्याला वर जाऊन पोळ्याच लाटायच्या आहेत त्याने दुसरी चूल बघावी.

इंधन किती न्यावं? फक्त उकळणं आणि कुकर एवढंच करणार असाल तर दोघांना दिवसाला दीडशे ते दोनशे मिली पुरतं. चंद्रताल-बारालाचाच्या तीन-चार दिवसांना रेघेपर्यंत भरलेली ५९१ची एक बाटली आणि जवळ ३२५ची दुसरी. परांग लाच्या आठ-नऊ दिवसांना ८८७च्या दोन. बर्फ वितळवायची पाळी आली तर हे आकडे दुप्पट करा. पण ऋतूत या वाटांवर ओढे असतात, तशी पाळी येत नाही. चंद्रताल हे अभयारण्य आणि रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तळ्याच्या काठाला तंबू लावू देत नाहीत. सांडलेलं पेट्रोल ओढ्यात धुवायचं नाही हे सांगायला लागू नये, पण भांडी घासताना लोक नेमकं तेच करतात.

रॉकेलवर हा स्टोव्ह चांगला चालतो, यूके जेट लावून. उष्णता पेट्रोलइतकीच आणि उडण्याची भीती कमी. पण काकड्याला दुप्पट वेळ लागतो, काजळी जास्त, आणि शहरांतून आता रॉकेल मिळवणंच कठीण झालं आहे. डोंगरातल्या एखाद्या दुकानात मिळालं तर सोय, त्यावर बेत आखू नये. जेट बदलायचा विसरलात तर ओळखायची खूण: पेट्रोलच्या जेटवर रॉकेल धूर काढतं, रॉकेलच्या जेटवर पेट्रोलची ज्योत किरकोळ राहते.

मग पर्याय काय? गाडीशेजारीच जेवण करणाऱ्यांसाठी पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर आणि साधी एक बर्नरची शेगडी याला तोड नाही. पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, आच हवी तशी कमी-जास्त होते, काकडा नाही, पंप नाही. चारचाकीतून फिरणाऱ्या कुटुंबाने दुसरा विचारच करू नये. फक्त तो गाडीत उभा बांधावा आणि रात्री गाडीच्या आत ठेवू नये. रस्त्याकडेला बेकायदा भरून मिळणारे दोन-तीन किलोचे सिलिंडर मात्र टाळा, त्यांच्या झडपांचा भरवसा नसतो.

डिझेल गाडीवाल्यांना वर मुक्काम करायचा असेल तर याच कंपनीचा ड्रॅगनफ्लाय किंवा एक्सजीके, नाहीतर प्रायमसचा ऑम्नीफ्युएल बघावा. हे डिझेलवर चालतात. ड्रॅगनफ्लायला दोन चाव्या आहेत आणि मंद आच अप्रतिम, आवाज मात्र जेट विमानाचा. एक्सजीके उकळण्यापलीकडे काही करत नाही, पण जवळजवळ काहीही जाळतो. व्हिस्परलाइटचाच ‘युनिव्हर्सल’ नावाचा भाऊ गॅसच्या डब्यावरही चालतो, थोडा जड आणि महाग. लेहला उतरून डबे विकत घेणारे आणि पुढे बाइकने फिरणारे, असे दोन्हींकडे पाय असलेल्यांना तो जास्त सोयीचा.

किमतीचं स्पष्ट बोलू. अमेरिकेतच हा स्टोव्ह शंभर डॉलरच्या वर जातो, बाटली वेगळी, आणि आपल्याकडे आयात करणाऱ्याकडून घेतला तर भाव बराच चढतो. एका लडाख फेरीसाठी तो घेणं परवडत नाही. त्यापेक्षा गॅसचा साधा बर्नर बरा. दरवर्षी जाणाऱ्यांना मात्र परवडतो, कारण यातला प्रत्येक भाग बदलता येतो: ओ-रिंग, चामड्याची वाटी, जेट, सुई, पंपाची चावी. बाहेरून कोणी येणार असेल तर त्याच्याकडून स्टोव्हबरोबर मोठा दुरुस्तीसंचही मागवा. आपल्याकडे स्टोव्ह एकवेळ मिळतो, संच मिळत नाही. सेकंडहँड घेत असाल तर बर्नर काळा असला तरी घाबरू नका, पंप नीट बघा. पंपाच्या प्लॅस्टिकला चीर असेल तर तो पंप गेला, त्यावर चिकटवाचिकटवी करायची नसते.

राहता राहिला पुण्या-मुंबईहून तो नेण्याचा प्रश्न. गाडी चालवत जाणाऱ्यांना काही नाही. रेल्वेतून पेट्रोल, रॉकेल नेणं रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, बाटलीत तळाला उरलेलं असलं तरी. विमानात डब्याचा गॅस आणि इंधन चालतच नाही; वापरलेला स्टोव्ह आणि बाटली पूर्ण कोरडी व बिनवासाची असली तरी विमान कंपनी अडवू शकते, म्हणून आधी विचारून घ्या. वास घालवायचा तर उरलेलं पेट्रोल गाडीच्या टाकीत ओतून टाका, बाटली आणि नळी उन्हात दोन दिवस उघडी ठेवा, मग भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्याने बाटली दोन-तीनदा खळखळा आणि पुन्हा वाळवा. पंपाला गरम पाणी लावू नका, तो ओल्या फडक्यानेच पुसा आणि चामड्याला शेवटचं तेल लावून ठेवा. बाइक रेल्वेने पार्सल करणारे टाकी रिकामी करतात, पण कॅरियरच्या पिशवीतली स्टोव्हची बाटली विसरतात. पार्सल ऑफिसात नेमकी तीच सापडते.